पुढच्या शुक्रवारी

कॅप्टन थ्रिंग गाड्या बनवायचे
असं वर्तमानपत्रात छापून यायचं.
खरं तर बनवायचे दुसरेच.
इंजिन कॉव्हेंट्रीचं, गिअरबॉक्स वुल्व्हरहॅम्प्टनचा,
मॅग्नेटो बर्मिंगहॅमहून पेंढ्यात गुंडाळून यायचा, अंड्यासारखा,
चामडं वॉल्सॉलचं,
आणि बॉडीच्या सांगाड्याचं ॲश लाकूड
म्हाताऱ्या जेथ्रो टिझर्डच्या वखारीतलं,
ज्याला मोटारीत बसायची भीती वाटायची.
आमचं स्वतःचं काय होतं?
रेडिएटरवरचा पितळी बिल्ला.
त्याचेही पैसे द्यायचे होते.

मी हेस्टर पिल्बीम, हिशेब ठेवायचे
धोबीखान्यामागच्या शेडमध्ये, जिन्याखाली.
भिंतीपलीकडून वाफ यायची, खातेवहीची पानं फुगायची.
आकडेही फुगायचे,
पण देण्याच्या बाजूचे.

इंजिनवाले रोख मागत. पैसे मोजल्याशिवाय
रेल्वेच्या गुदामातून खोकं सुटत नसे.
म्हणून जे थांबू शकत ते थांबत,
आणि जे थांबू शकत नसत तेही.
जो दारात ओरडतो त्याचं बिल वर,
जो पत्राच्या शेवटी प्रकृती विचारतो त्याचं तळाशी:
हे मला कुणी शिकवलं नाही.
नव्या गिऱ्हाइकाच्या बयाण्यातून जुन्याची चाकं,
चाकवाल्याच्या सबुरीवर तिसऱ्याचे दिवे,
ह्याची टोपी त्याला, त्याची ह्याला,
आणि आम्ही सगळे बोडके.
एका गाडीमागे अठरा पौंड बुडत होते.
दोनदा ताळा करून मी कॅप्टनना सांगितलं.
"मग जास्त गाड्या विकू या, मिस पिल्बीम," ते म्हणाले,
आणि हातमोजे चढवले.

एक युक्ती मात्र माझीच,
सांगताना अजून कान तापतात:
चेक पाठवायचा, सहीशिवाय.
तो परत येईतो तीन दिवस,
"नजरचुकीबद्दल क्षमस्व" म्हणून आणखी दोन.
टिझर्डने चेक पोस्टाने परत पाठवला नाही.
स्वतः आला, नऊ मैल चालत,
टोपी हातात, भुवयांत भुसा.
"सही राहिली बघा, बाई. घाईत होतं असं."
मी त्याला चहा दिला.
म्हटलं, कॅप्टन शर्यतीला गेलेत,
पुढच्या शुक्रवारी नक्की.
त्याने कानामागची पेन्सिल काढली,
मग लिहायला काही दिसेना म्हणून परत खोचली.

त्याच दुपारी कॅप्टन जिंकले.
चढणीच्या शर्यतीत, दीड सेकंदाने.
फोटोत चिखल आणि दात एवढंच दिसत होतं.
सोमवारी सात ऑर्डरी आल्या.
पोरांनी शेडमध्ये टोप्या उडवल्या.
सात गुणिले अठरा, मी मनात म्हटलं.

नोव्हेंबरात लिलाव. मिस्टर स्पॅरी नावाचे गृहस्थ,
सर्दी झालेले, अतिशय सभ्य,
शेगडीपासून अर्ध्या बॉडीपर्यंत चिठ्ठ्या डकवत फिरले.
माझ्या खुर्चीलाही एक.
घेणेकऱ्यांना पौंडामागे तीन शिलिंग.
यादी मीच लिहिली, या वेळी वर्णानुक्रमे,
म्हणजे कुणावर अन्याय नको.
टिझर्ड तरीही शेवटून तिसरा.

परवा, तीस वर्षांनी, एका गावच्या जत्रेत
आमची गाडी दिसली, हिरवी.
मालक पोरगेला, दंतवैद्य.
बिल्ला असा घासलेला की डोळे दिपावेत.
डावं दार दुरुस्तीला उघडलं होतं,
आतलं लाकूड दिसत होतं,
एकही सांधा हललेला नाही,
आणि त्यावर सुताराच्या जाड पेन्सिलीने:
थ्रिंग. डावं दार. पुढच्या शुक्रवारी.

"माल पोचवायची तारीख असणार," दंतवैद्य म्हणाला.

मी चष्मा पुसत होते.
म्हटलं, असेल.